जिथून वाट निघत नाही

“वापस उलटा घातला कागद!” मोतीबाई दारातल्या खुर्चीवरून ओरडल्या. ओरडतानाही त्या अंजनीला सिंधीतून ‘पुट’, म्हणजे बाळ, म्हणत. “अंजनी, पुट, कस्टमर बघेल तर काय बोलेल? मोतीबाईच्या दुकानात कुणाला इंग्लिश वाचता येत नाय?”

“उलटाच घालायचा असतो, मोतीबाई. ही अक्षरं मशीनवर नाहीत.”

“सारी एबीसीडी आहे मशीनवर. दुकान मखिजासाहेबांचं होतं तेव्हा त्यांनी स्वतः बघून घेतली होती.”

“तुम्ही तर रोज उजवीकडून डावीकडे लिहिता. मी कधी काही बोलले?”

मोतीबाईंनी मांडीवरची सिंधी वही थोडी जवळ ओढून घेतली. “ते सीधं आहे,” त्या म्हणाल्या. “उलटं तुम्ही लोक लिहिता.”

अंजनीला हसू आले होते, पण ती मोजत होती. चौदा, पंधरा, सोळा. सोळाव्या घरावर तिने ‘ए’ची कळ दाबली. उलट्या कागदावर सरळ उमटलेला तो ‘ए’ कागद फिरवल्यावर डोक्यावर उभा राहणार होता, आणि त्याचा अर्थ होणार होता : सर्व. तसाच उलटा ‘ई’, आणि त्याचा अर्थ : निदान एक. केळुसकर सरांच्या एकशे एकोणपन्नास पानी प्रबंधात अशी अक्षरे अकराशेंच्या आसपास होती. सरळ टायपिंग मंगळवारी संपले होते. प्रत्येक चिन्हासाठी एकेक घर मोकळे सोडलेले होते, आणि आता ही मोकळी घरे भरण्याची फेरी चालू होती. ती संपली की शाईच्या पेनाने चौकोन आणि शंकरपाळ्यासारखी आकृती हाताने काढायची. ही पद्धत तिला कुणी शिकवली नव्हती. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या या जुन्या बराकीत, दोन फळ्यांच्या आडोशाला, तिने ती स्वतःच शोधून काढली होती. आणि असे काही शोधून काढता येते याचा आनंद इतका खाजगी होता, की तो कुणाला सांगावा असे तिला कधी वाटले नव्हते.

१९८८ सालचा फेब्रुवारी संपत आला होता. बराकीच्या पत्र्यावर ऊन साचू लागले होते.

केळुसकर सर दुपारी आले. ते कुळगावात राहत, उल्हासनगरच्या कॉलेजात गणित शिकवत, आणि गेली अकरा वर्षे मुंबईच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होते. अंजनीला त्यांनी बी.एस्सी.ची तीन वर्षे शिकवले होते. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि ते वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर लिहू शकत. आता बसताना ते आधी खुर्चीचा हात चाचपत.

“कुठवर आलं?”

“बासष्टवर, सर. शनिवारपर्यंत होईल.”

“सोमवार. सोमवारी पाच वाजता त्यांची कचेरी बंद होते.” हे त्यांनी याआधी अनेकदा सांगितले होते. “दोनदा मुदत वाढवून घेतलीय. तिसऱ्यांदा नाही. नाव काढून टाकतील.”

“होईल, सर.”

“आणि तुझं शिफारसपत्र लक्षात आहे माझ्या. प्रबंध देईन तेव्हाच गाइडच्या हातात देणार. एप्रिलमध्ये टायपिस्टची ती जागा भरायची आहे त्यांना. असं टायपिंग येणारं माणूस मिळत नाही, आणि तुझं गणितही झालेलं. तिथे मुलींचं वसतिगृह आहे. संध्याकाळी एम.एस्सी.च्या वर्गाला बसलीस तर कोण हटकणार आहे?”

मोतीबाई वही लिहिता लिहिता थांबल्या होत्या. “सर, माझी मुलगी पळवता काय?”

“पळवत नाही, मोतीबाई. पाठवतोय.”

“एकच झालं,” मोतीबाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. फाळणीत एका रात्री बॉर्डर ओलांडून आलेल्या, आणि वयाच्या तिसऱ्या वर्षी पाहिलेले घर पुन्हा कधीही न पाहिलेल्या त्या बाईला, कुणी कुठे जाणे ही गोष्ट रागावण्याजोगी वाटत नसावी.

अंजनीने कागद एक ओळ पुढे सरकवला. पाच वर्षांपूर्वी, निकाल लागल्यावर सहाव्या दिवशी, वडील कारखान्याच्या फाटकाशी कोसळले होते. उजवे अंग गेले. एम.एस्सी.चा भरलेला अर्ज ट्रंकेत कपड्यांखाली गेला. कुणी तिला शिकू नकोस म्हटले नाही. तिने विचारलेच नाही. मोरिवलीहून रिक्षाने येणे, संध्याकाळी रिक्षाने जाणे, दावे, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रे, लग्नाच्या याद्या. या पाच वर्षांत तिच्या बोटांना दर मिनिटाला साठ शब्दांचा वेग आला, आणि बाकी सगळे जागच्या जागी राहिले.

मग जून महिन्यात सर हस्तलिखिताची पहिली चाळीस पाने घेऊन आले. ते काय आहे, असे तिने विचारले तेव्हा त्यांनी पेन्सिलीने काही ठिपके काढले आणि ठिपक्यांमध्ये बाण.

“ह्या यंत्राच्या अवस्था समज. बाण म्हणजे पुढचं पाऊल. आता चौकोन काढला, तर त्याचा अर्थ : इथून जिथे जिथे जाता येतं, तिथे हिरवा दिवा आहे. आणि ही शंकरपाळी. हिचा अर्थ : इथून निदान एका ठिकाणी जाता येतं, जिथे हिरवा दिवा आहे. अवश्य आणि शक्य. याला मोडल लॉजिक म्हणतात.”

“आणि उजव्या रकान्यात?”

“उजवीकडे तेच वाक्य, फर्स्ट ऑर्डर लॉजिकमध्ये. असं बघ. मोडल लॉजिक बोलणारा माणूस एका खोलीत उभा आहे. त्याला त्याच्या खोलीची दारं दिसतात, बस. फर्स्ट ऑर्डर बोलणाऱ्याच्या हातात सगळ्या इमारतीचा नकाशा आहे. तो खोल्यांना नावं देतो. सर्व खोल्या म्हणतो, एक तरी खोली म्हणतो. आतला माणूस जे जे बोलेल ते नकाशाच्या भाषेत उतरवता येतं. उतरवलं, की ते तपासायला संगणकाला देता येतं. माझं काम म्हणजे हे उतरवणं.”

“आणि नकाशातलं सगळं आतल्याला सांगता येतं?”

सरांनी त्या वेळी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. पाच वर्षांत तिच्याकडे असे कुणी पाहिले नव्हते.

“नाही येत,” ते सावकाश म्हणाले. “एकासारख्या एक अशा अगणित खोल्यांमधून पुढे पुढे जाणारा माणूस, आणि एकाच खोलीत पुन्हा पुन्हा परत येणारा माणूस. नकाशावर हे दोघं वेगळे दिसतात. पण आतून दोघांना सगळं सारखंच दिसतं. आपण चाललोय की तिथेच आहोत, हे आतून सांगता येत नाही.”

मुंबईतल्या जागेबद्दल ते त्यानंतरच्या आठवड्यात बोलले. तेव्हापासून अंजनी दररोज संध्याकाळी मोरिवलीच्या वळणावर रिक्षातून उतरताना, कारखान्यांचा तोच आंबूस वास नाकात शिरताना, स्वतःशी म्हणे : आतून सांगता येत नाही. आणि तिला काहीसे बरे वाटे. अज्ञानाला एखादे नाव मिळाले, की तेही सोबतीसारखे वाटू लागते.

त्या बुधवारी ती घरी पोचली तेव्हा शेजारच्या कौसाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. आपल्या घरचे तांदूळ त्या नेहमी दुसऱ्याच्या उंबऱ्यात निवडत. आई चुलीशी होती. वडील खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

“आली ग तुझी मेमसाब,” कौसाबाई म्हणाल्या. “द्रौपदे, खरं सांगू? राग मानू नको. पोरीला तुम्ही बसवून ठेवली. माझी नणंद पण तेच बोलते. एवढी शिकलेली, नि सिंध्याच्या दुकानात टकटक करते.”

“बसवून ठेवली?” आईने पळी खाली ठेवली. “कोण बोलतं बसवून ठेवली? ऐक कौसे. माझ्या पोरीला आम्ही कधी अडवलं नाय. ती जिथं जिथं जायचं बोलली ना, तिथं आम्ही जा बोललो. एक तरी ठिकाण सांग, जिथं जाऊ नको बोललो. सांग ना!”

कौसाबाईंनी खडा शोधण्यासाठी सुपात मान घातली. त्यांना एकही ठिकाण आठवेना.

“तिलाच विचार. अंजे, आम्ही तुला कधी नाय बोललो का ग?”

अंजनी वडिलांचे तोंड ओल्या फडक्याने पुसत होती. डाव्या बाजूने लाळ नाही, उजव्या बाजूने येते. तिकडचा गाल आधी पुसावा लागतो. “नाही,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

“ऐकलं?” आई म्हणाली.

आईचे डोळे विजयाने चमकत होते, आणि त्यांत किंचित पाणीही होते. तिला खरोखरच तसे वाटत होते. ते खरेही होते. अंजनीला ते वाक्य त्या वेळी बोचले नाही. मुलीच्या बाजूने भांडणाऱ्या आईच्या पाठीला हात लावावा असे मात्र वाटले. हात ओला होता म्हणून तिने लावला नाही. मुंबईच्या जागेबद्दल पत्र हातात पडल्याशिवाय बोलायचे नाही, असे तिने ठरवले होते. पत्र असले की विचारणे सोपे जाईल. एकदाच विचारायचे, आणि आई आपल्याच शब्दाने बांधली जाईल.

गुरुवारी अकराच्या सुमाराला ती सत्त्याऐंशीव्या पानावर आली.

उलट्या फेरीत वाचन होत नाही. कागद डोक्यावर उभा, इंग्रजी शब्द म्हणजे नुसती कुंपणे. दिसतात ती मोकळी घरे, आणि मनात हस्तलिखितावरून उचललेला क्रम : सर्व, सर्व, एक, सर्व. पानाचा सगळा अर्थ गळून जातो आणि हाडे तेवढी उरतात. त्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत क्रम होता : सर्व, आणि मग एक. तिने ‘ए’ दाबला, आणि ‘ई’वर बोट ठेवून थांबली.

सर्व. म्हणून एक.

हा एक कुठून आला?

तिने कागद काढला, सरळ केला आणि वाचला. सरांचे म्हणणे असे होते : यंत्र ज्या अवस्थेत आहे तिथून पुढे जाण्याची प्रत्येक वाट सुरक्षित असेल, तर पुढे जाण्याची एक तरी सुरक्षित वाट आहे, म्हणजे यंत्र सुरक्षितपणे पुढे जातच राहील, अडकणार नाही. ‘हे उघड आहे’, असे त्यांनी लिहिले होते. डाव्या रकान्यात चौकोनातून शंकरपाळी निघाली होती, उजव्या रकान्यात उलट्या ‘ए’तून उलटा ‘ई’. आणि या पायरीवर पुढचे सगळे चौथे प्रकरण उभे होते.

पण वाटच नसेल तर?

जिथून एकही वाट निघत नाही, तिथे उभे राहून ‘इथली प्रत्येक वाट सुरक्षित आहे’ असे म्हटले, तर ते खोटे कसे पाडणार? खोटे पाडायला एक तरी असुरक्षित वाट दाखवावी लागेल. ती नाही. म्हणून ते वाक्य खरे. तिथे काहीही म्हणा : प्रत्येक वाट हिरवी आहे, प्रत्येक वाट सोन्याची आहे, सगळे खरे. आणि ‘एक तरी वाट आहे’ एवढे मात्र खोटे.

एक तरी ठिकाण सांग, जिथं जाऊ नको बोललो.

बराकीच्या पंख्याचा आवाज अचानक मोठा झाला. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले. तिला जे कळले ते गणिताच्या अंगाने कळले, की काल चुलीपाशी ऐकलेल्या वाक्यातून, हे तिला ठरवता येईना. आईने एकदाही नाही म्हटले नव्हते, कारण तिने एकदाही विचारले नव्हते. त्या घरात सगळ्या वाटांना होकार होता आणि वाट एकही नव्हती. अकरा वर्षे या विषयात घालवलेल्या माणसाला जे दिसले नाही, ते तिला दिसले, कारण ती तिथेच राहत होती.

“छा थियो?” मोतीबाईंनी विचारले. काय झाले, हे त्या नेहमी सिंधीतूनच विचारत. “मशीन अटकली?”

“मशीन ठीक आहे. सरांच्या लिहिण्यात चूक आहे.”

“स्पेलिंग?”

“नाही. मोठी.”

मोतीबाई उठून तिच्याजवळ आल्या आणि टेबलावर तळहात टेकून उभ्या राहिल्या. या दुकानाचा एक नियम होता आणि तो मखिजासाहेबांच्याही आधीपासूनचा होता. कागदावर जे असेल ते टाइप करायचे. एकदा एका टायपिस्टने वकिलाच्या अर्जातले आडनाव ‘दुरुस्त’ केले होते आणि एका माणसाचा खोलीवरचा हक्क त्या दुरुस्तीत बुडाला होता.

“मिस्टेक पण कस्टमरचा माल आहे,” मोतीबाई म्हणाल्या. “जशी दिली तशी वापस करायची.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे तर टाइप कर. आणि ऐक, पुट. तुझी चिठ्ठी त्याच्या खिशात आहे. सोमवारपर्यंत तू बहिरी, मुकी, अंधी. मंगळवारपासून जे बोलायचं ते बोल.”

बाईंचे म्हणणे चोख होते. अंजनीने ते दिवसभर तपासले. तिने अठ्ठ्याऐंशी केले, एकोणनव्वद केले, एकशे चार केले. बोटे चालत राहिली. परीक्षकांना दिसणार नाही, असे तिने स्वतःला सांगितले. आणि दिसले तर? अकरा वर्षांनंतर, परक्या माणसांसमोर, तोंडी परीक्षेत कुणीतरी सत्त्याऐंशीव्या पानावर बोट ठेवील, आणि सर खुर्चीचा हात चाचपतील. आणि त्या वेळी ती त्याच इमारतीत, त्यांच्याच पत्राने मिळालेल्या टेबलाशी बसलेली असेल. ती जिथे जाऊ पाहत होती तिथे लोक कशासाठी बसतात, तर ‘उघड आहे’ या शब्दामागे काय आहे ते पाहण्यासाठी. तिथे जाण्यासाठी हेच न पाहिल्यासारखे करायचे, यातले काहीतरी तिला गिळता येईना. तात्त्विक कारण तेवढेच. साधे कारण असे, की सरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले होते.

साडेपाचला सर आले. तिने ते पान त्यांच्यासमोर ठेवले.

“खालून तिसरी ओळ, सर. ‘सर्व’वरून ‘एक’ निघत नाही.”

“म्हणजे?”

“ज्या अवस्थेतून पुढे कुठेच जाता येत नाही, तिथे ‘सर्व’ खरं ठरतं आणि ‘एक’ खोटं.”

सर हसले. “अग, चौकोन आहे ना? सगळीकडे सुरक्षित, म्हणजे कुठेतरी—”

“सगळीकडे म्हणजे कुठे, सर? कुठेच नाही.”

त्यांचे हसू चेहऱ्यावर राहिले, पण त्यामागून माणूस निघून गेला. “अंजनी, तू टायपिंग कर,” ते म्हणाले. “हे मी अकरा वर्षं करतोय. सेमिनारमध्ये मांडलंय.” मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, मोतीबाईंच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक ठिपका काढला. त्याला बाण काढला नाही. त्या एकट्या ठिपक्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. बाहेर कुणीतरी शिलाई मशीनच्या सुट्या भागांचे खोके हातगाडीवर रचत होते आणि दर खोक्याला शिवी देत होते.

“चहा मागवू, सर?” मोतीबाईंनी विचारले.

“कुणाला सांगितलंस?” सरांनी विचारले.

“कुणाला सांगणार?”

ते पान न घेताच ते गेले. मोतीबाईंनी कॅलेंडर पुन्हा भिंतीला लावले. “सांगितलंस ना शेवटी,” त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच सर पायरीवर उभे होते. दाढी केलेली नव्हती. त्यांच्या हातात वहीचे फाडलेले अर्धे पान होते आणि त्यावर एकच इंग्रजी वाक्य : यापुढे आपण ज्या अवस्थांमधून एकही वाट निघत नाही अशा अवस्था विचारातून वगळत आहोत.

“हे घातलं की भागतं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा वर्गातला झाला होता. “रूढ आहे हे. बरेच लोक असंच गृहीत धरतात. प्रत्येक अवस्थेला निदान एक बाण आहे असं धरायचं. मग ‘सर्व’वरून ‘एक’ बिनधोक निघतो. चौथं प्रकरण शाबूत.”

अंजनीने वाक्य दोनदा वाचले. “मग सिद्ध काय झालं, सर? जे अडकत नाही, ते अडकत नाही?”

“जे अडकत नाही ते सुरक्षित राहतं. त्यालाही किंमत आहे.”

“आणि ज्या वगळल्या त्या?”

“त्या आपल्या विषयात येत नाहीत.”

हे ते निष्ठुरपणे म्हणाले नाहीत. उलट, सुटलेल्या माणसाची कोवळीक त्यांच्या बोलण्यात होती. कालची रात्र त्यांनी कशी काढली असेल ते तिला दिसत होते, आणि ते वाक्य सापडल्यावर कुळगावच्या त्या दोन खोल्यांत त्यांनी कसा श्वास सोडला असेल तेही.

“गाइडना दाखवलंत?”

“वेळ कुठे आहे? आणि...” ते बसले. या वेळी त्यांनी खुर्चीचा हात चाचपला नाही, सरळ बसले. “त्या पत्राचं जरा बोलायचं होतं. देणार आहेच मी. पण लगेच नको. व्हायव्हा होऊ दे आधी.”

“व्हायव्हा कधी?”

“सहा महिने. वर्षही लागतं कधी कधी.”

“जागा एप्रिलमध्ये भरणार आहेत, सर.”

“जागा निघत असतात ग.” त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने काच पुसली, तिच्याकडे पाहिले नाही. “तिथे वातावरण वेगळं असतं. लोक चहाला एकत्र बसतात. कुणी सहज विचारतं, हे कसं सुचलं, ते कुणी सुचवलं. तू साधी आहेस.”

“मी सांगणार नाही.”

“मला सांगितलंसच की.”

मोतीबाई उठून मागच्या फळीआड गेल्या. तिथे काहीच काम नसते.

अंजनीने पाहिले, की त्यांना स्वतःची लाज वाटते आहे आणि ती लाज ते सहन करू शकतील; पण ती लाज मुंबईतल्या त्या इमारतीत, रोज, टेबलाशी बसलेली त्यांना सहन होणार नाही. तिला भांडता आले असते. ‘माझी जागा’ असे दोन शब्द तिच्या तोंडात तयार होते. पण ते उच्चारायला ती जागा एकदा तरी तिची असायला हवी होती. ती एका पत्रात होती आणि पत्र अजून लिहिलेले नव्हते.

“कधी देऊ?” तिने विचारले.

“उद्या संध्याकाळी नेतो सगळं. एक मात्र कर, अंजनी. नवीन पान वाढवू नकोस. सत्त्याऐंशी-अ असलं काही दिसलं की परीक्षकाला वास येतो. याच पानात बसव.”

“पान भरलेलं आहे, सर.”

“तुला जमेल,” ते म्हणाले. ही स्तुती होती, आणि ती खरी होती.

ते गेल्यावर मोतीबाई फळीआडून बाहेर आल्या. “काय बोलला?”

“एक वाक्य वाढलंय.”

“आणि चिठ्ठी?”

अंजनीने नकारार्थी मान हलवली. मोतीबाईंनी सिंधीत काहीतरी म्हटले, बहुधा सरांना, बहुधा त्यांच्या सात पिढ्यांना. मग त्यांनी नवा बाँड पेपर काढून टेबलावर ठेवला आणि पंखा तिच्याकडे वळवला. “मी त्याचं काम उद्या तोंडावर फेकू काय?” त्या म्हणाल्या. “बोल. फेकते.”

“नको. झालंय बहुतेक.”

तिने जुने सत्त्याऐंशीवे पान शेजारी ठेवले आणि मोजू लागली. पंचवीस ओळी, ओळीला साठ घरे. नव्या वाक्याला त्र्याहत्तर घरे हवी होती. अठ्ठ्याऐंशीव्या पानाचा आरंभ एका वाक्याच्या मध्यावर होता. तिथला पहिला शब्द बदलता येणार नव्हता. तिने उजवा समास तीन घरांनी बाहेर सरकवला. तीन घरे डोळ्याला दिसत नाहीत. पंचवीस ओळींची मिळून पंचाहत्तर घरे झाली. शब्द फोडावे लागतील तिथे कुठे एखादे घर वाया जाईल, तर परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत थोडी ढील होती.

तिने टाइप करायला सुरुवात केली. बाराव्या ओळीनंतर ते वाक्य आले. तिने ते इतर वाक्यांसारखेच, त्याच वेगाने, त्याच दाबाने उमटवले. यापुढे आपण ज्या अवस्थांमधून एकही वाट निघत नाही. कळीमागून कळ. अशा अवस्था. मशीनची घंटी वाजली, तिने कॅरेज परत ओढला. विचारातून वगळत आहोत. पूर्णविराम. दोन घरे सोडून पुढचे वाक्य.

शेवटच्या ओळीपाशी ती हळू झाली. जुने पान ज्या शब्दावर संपत होते, त्याच शब्दावर नवेही संपले. उजवीकडे एक घर शिल्लक राहिले. कागद उलटा घालून तिने चिन्हांची घरे भरली, आणि मग तो काढून उजेडात धरला. खाडाखोड नव्हती. कुठे काही आत ढकलले आहे असे वाटत नव्हते. मग तिने तो गठ्ठ्यात शहाऐंशीच्या खाली आणि अठ्ठ्याऐंशीच्या वर सरकवला, चारी कडा तळहातांनी सारख्या केल्या. पुढच्या बासष्ट पानांतली एकही ओळ जागची हलली नव्हती.